हवेत आवळलेला बुश

लाल रंगाची स्प्रिंग. अजून कागदात गुंडाळलेली.

भाकरीच्या पिठाने पांढरे झालेले दोन हात.

खड्ड्यावर फळ्या. फळ्यांवर जुने टायर. टायरात झोपलेलं मांजर.

"डावीकडं एक बोट जास्त हाय." "ऱ्हाऊ द्या."

छावणीतल्या एका घरात, बुद्धमूर्तीच्या शेजारी ठेवलेली गाडीची किल्ली.

चितेगावजवळ मुरमात उमटलेली चाकाची लांब रेघ.

मित्रांनो, मी एक जुना बुश आहे. वरचे सगळे तुकडे माझ्याच आयुष्यातले आहेत. ते एकाखाली एक नीट लावून सांगायला हवेत हे मला कळतं. पण मी रबर आहे. रबराला आधी काय झालं आणि नंतर काय झालं हे फारसं कळत नाही. त्याला आपला आकार कळतो आणि आपल्यावर पडलेला पीळ कळतो. तरी तुमच्यासाठी प्रयत्न करतो. मध्येच तुटलो तर सांभाळून घ्या.

*

तुम्ही मला पाहिलेलं नाही. गाडीचं चित्र काढताना तुम्ही चाकं काढता, दिवे काढता, काचेमागे एक हसरा ड्रायव्हर काढता. बुश कुणीच काढत नाही. त्यात तुमची चूक नाही, मी दिसतच नाही.

तुमच्या मुठीत मावेन एवढाच मी आहे. लोखंडाची एक छोटी नळी, तिच्याभोवती रबर, आणि रबराभोवती लोखंडाची दुसरी नळी. झालं माझं शरीर. पुढच्या डाव्या चाकाला गाडीशी जोडणारी एक आडवी दांडी असते. गॅरेजमध्ये तिला आर्म म्हणतात. ही आर्म गाडीच्या सांगाड्याला जिथे मिळते, त्या सांध्यात मी बसलेलो असतो. चाक खड्ड्यात गेलं की आर्म खाली वळते आणि मी एका बाजूला पिळतो. चाक उंचवट्यावर चढलं की दुसऱ्या बाजूला पिळतो. मग परत आपल्या जागी येतो. पिळायचं आणि परत यायचं, एवढंच माझं काम.

या परत यायच्या जागेला मी घर म्हणतो. गंमत अशी की माझं घर मी ठरवत नाही. माझ्या मधल्या नळीतून एक लांब बोल्ट जातो. तो बोल्ट आवळला जातो त्या क्षणी चाक ज्या उंचीवर असेल, ती उंची माझं घर होते. पुन्हा कुणी बोल्ट सैल करेपर्यंत तेच घर.

एवढं लक्षात ठेवा. बाकी गोष्ट सोपी आहे.

*

माझा जन्म वाळूजच्या एका कारखान्यातला, म्हणजे इथलाच. तापलेल्या साच्यातून मी बाहेर आलो तेव्हा माझ्या तोंडावर रबराची एक बारीक उभारलेली रेघ होती. ती सगळ्याच बुशांना असते. मग खोक्यात बसून मी दूरच्या एका मोठ्या कारखान्यात गेलो. तिथे गाडी जोडली, तिला चाकांवर उभं केलं आणि मग माझा बोल्ट आवळला. हाच क्रम का, ते मला कुणी सांगितलं नाही. बरं वाटलं, एवढं आठवतं.

गाडी राखाडी रंगाची, बसकी, लांब नाकाची होती. लोक तिला स्पोर्ट सेडान म्हणायचे. पहिल्या मालकांनी तिला फार चालवलं नाही. ते तिच्यावर कापड घालून ठेवत आणि पाहुणे आले की कापड काढून दाखवत. झाकलेल्या गाडीत बुशाला काही काम नसतं. मी नुसताच म्हातारा होत होतो.

नंतर गाडी विशाखाकडे आली.

विशाखा छावणीत राहते. बिडकीनच्या नव्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात ती मशीनमधून निघालेले सुटे भाग तपासते. पैठण रोडने रोज जाते आणि येते. तिचे वडील बन्सीराव टपाल खात्यातून निवृत्त झालेले आहेत. त्यांनी जन्मभर सायकलवरून पत्रं वाटली. आई रत्नमालाबाई अंगणवाडीत शिकवतात. घरात गाडी आलेली ही पहिलीच.

विशाखाला वळणं आवडतात. सरळ रस्त्यावर ती शांत असते. वळण आलं की तिच्या हातात जीव येतो. स्टिअरिंगपासून चाकापर्यंत जी हालचाल खाली येते ती माझ्यापाशीही पोचते, म्हणून मला हे माहीत आहे. तिचा हात वळणाला घाई करत नसे. आधी विचारल्यासारखं करायचा आणि मग वळायचा. पण गाडी मूळची मऊ. वेगात वळली की एका कुशीवर कलायची. मागच्या सीटवरची भाजीची पिशवी या दारापासून त्या दारापर्यंत जायची.

"पप्पा, बघा ना किती कलते गाडी," विशाखा म्हणायची.

"कलंना का. आपल्याला काय सर्कशीत न्यायचीय?"

"वळणावर ती सरळ राहिली पाहिजे. शॉकअप आणि स्प्रिंग बदलून कडक बसवून घेते."

"चांगली असलेली वस्तू बदलायची म्हंजे..." असं अर्धं बोलून बन्सीराव पेपर उघडायचे. मुलीच्या हौशीला ते तोंडावर नाही म्हणत नसत.

*

पडेगाव रस्त्याला फकिराभाऊंचं गॅरेज आहे आणि मागे त्यांचं घर. त्यांच्या पत्नी भागूबाई चुलीपाशी भाकरी थापता थापता गॅरेजमधलं सगळं बोलणं ऐकतात आणि आतूनच त्यात भाग घेतात.

फकिराभाऊंनी उभी हयात खड्ड्यात काम केलं. हा खड्डा म्हणजे जमिनीत खणून विटांनी बांधलेला लांबट चर. गाडी वर आणून उभी करायची, आपण खाली उतरायचं आणि डोक्यावरच्या गाडीचं पोट तपासायचं. त्यात त्यांची मान गेली, मग कंबर गेली. शेवटी त्यांनी लिफ्ट घेतली. दोन खांब, चार लोखंडी हात. बटण दाबलं की अख्खी गाडी वर आणि चारी चाकं हवेत लोंबकळत. लिफ्टला झेंडूचा हार घातला. खड्ड्यावर फळ्या टाकल्या. फळ्यांवर जुने टायर रचले आणि टायरात मांजराने घर केलं.

विशाखा लाल स्प्रिंगांची खोकी घेऊन आली, तेव्हा हार अजून ताजा होता.

"पहिली गाडी तुमचीच चढवणार, ताई," फकिराभाऊ म्हणाले. "शोची गाडी हाय. फोटो बी चांगला येतो."

"आणि पडली म्हणजे काका?"

"पडती कशी? आन पडलीच तर खाली मीच हाय की. आधी मी चपटा हुईन."

"तसं असंल तर आधी सांगत जा," आतून भागूबाई म्हणाल्या, "भाकरी एक कमी थापीन."

गाडी वर गेली. जुने शॉकअप आणि जुन्या स्प्रिंगा निघाल्या. आर्म मोकळी करायला माझाही बोल्ट सैल केला गेला. फकिराभाऊंनी अंगठ्याने मला दाबून पाहिलं. "बुश चांगला हाय. ह्याला कशाला बदलायचं?" ते म्हणाले. मित्रांनो, ही माझ्या आयुष्यात झालेली पहिली स्तुती. मी अजून विसरलेलो नाही.

लाल स्प्रिंगा बसल्या, नवे शॉकअप बसले. मग फकिराभाऊंनी माझा बोल्ट आवळला. चांगला करकचून, जीव लावून. चाक त्या वेळी हवेत होतं आणि पार खाली लोंबत होतं. माझं घर तिथे ठरलं. रस्त्यावर उभ्या असलेल्या गाडीचं चाक जिथे कधीच नसतं, तिथे. मग ते उजव्या बाजूला गेले. तिथल्या बोल्टला पाना लावला आणि

*

(लाइट गेली.)

*

लिफ्ट हाताने खाली उतरवावी लागली. लाइट लवकर येण्याचं लक्षण दिसेना. उजव्या बाजूचा बोल्ट फकिराभाऊंनी मग जमिनीवर पाठ टेकून, गाडी चाकांवर उभी असताना आवळला. उजवीकडे माझ्याचसारखा बुश आहे. आम्ही एका साच्यातले, एका दिवसाचे. तो त्याच्या घरी राहिला. मी तळघरात गेलो.

गाडीचं वजन चाकांवर आलं तसा मी पिळत गेलो आणि पिळलेलाच राहिलो. गाडी धावली तरी पिळलेला, उभी राहिली तरी पिळलेला. विसावा कसला तो उरलाच नाही. आणि पिळलेलं रबर गप्प बसत नाही. परत घरी जाण्यासाठी ते रेटत राहतं. मी डाव्या चाकाला सतत खाली रेटत होतो. त्यामुळे गाडीची डावी बाजू थोडी वर उचललेली राहिली.

विशाखाचं काम तपासणीचं. तिने टायर आणि मडगार्ड यांच्यामधल्या फटीत बोटं घालून पाहिली.

"काका, डावीकडं एक बोट जास्त हाय."

"ऱ्हाऊ द्या ताई. डायवर उजवीकडं बसतो ना? ती बाजू दबणारच."

हे दोघांनाही पटलं. मलाही पटलं असतं.

*

सुरुवातीला सगळे खूश होते. गाडी वळणावर कलेनाशी झाली. भाजीची पिशवी जागची हलेना. कारखान्यातले मित्रमैत्रिणी गुडघ्यांवर बसून चाकाच्या आत डोकावत. "काय भारी दिसतायत!" ते लाल स्प्रिंगांना म्हणत. स्प्रिंगांचे फोटो निघाले. माझा एकही निघाला नाही. राग नाही आला, पण लक्षात राहिलं.

मग ते सुरू झालं.

एकसारख्या रस्त्यावर काही नाही. पण रस्त्यात उंचवटा आला, आणि त्याच वेळी ब्रेक लागला, की गाडीचं नाक डावीकडे जायचं. कधी जायचं, कधी नाही. उजवा बुश पिळून घरी परतायचा. मला परतायला घरच नव्हतं. डावं चाक एक वागायचं आणि उजवं दुसरं.

विशाखाने टायरची हवा पाहिली. टायर अदलून बदलून पाहिले. चाकांचा कोन मशीनवर तपासून घेतला. मशीनसमोर गाडी शांत उभी होती आणि सगळे आकडे बरोबर आले. मशीनवाला म्हणाला, "मॅडम, गाडी एकदम ओके है. चलाने का तरीका बदलके देखो."

तिथून पुढे विशाखा आपल्या हातांकडे बघायला लागली.

*

चितेगाव. उजेडातली गोष्ट. उन्हं चांगली वर आलेली. बन्सीराव पुढच्या सीटवर, कारण त्यांना बिडकीनला एका जुन्या सोबत्याला भेटायचं होतं. रस्त्याच्या कामामुळे डांबराची एक पट्टी उंच आणि एक खाली होती. तिथेच वळण, आणि वळणावर समोर थांबलेला रसवंतीचा गाडा. विशाखाने ब्रेक दाबला.

गाडी डावीकडे ओढली गेली. डांबर संपलं. मुरूम. धूळ. चाकाखाली खडी करकरली. विशाखाने स्टिअरिंग धरून ठेवलं, हिसका दिला नाही, ब्रेक थोडा सोडला आणि पुन्हा दाबला. गाडी रस्त्याकडेच्या नालीच्या अलीकडे थांबली. कुणाला खरचटलंही नाही.

बन्सीराव खाली उतरले. मुरमात उमटलेली चाकाची लांब रेघ त्यांनी पाहिली.

"गाडीला काय धाड भरलीय? मशीनवाला ओके म्हणला ना?" ते म्हणाले. "हात कच्चा हाय तुझा."

"पप्पा, मी सरळ धरलेलं."

"सरळ धरलं असतं तर सरळ गेली असती."

परतताना ते तिच्या गाडीत बसले नाहीत. पैठणकडून येणाऱ्या एका काळी-पिवळी टॅक्सीत दाटीवाटीने बसले आणि घरी गेले. विशाखा त्या काळी-पिवळीच्या मागे, दुधाच्या गाडीपेक्षाही हळू, छावणीपर्यंत आली.

मित्रांनो, मला आवाज असता तर मी तेव्हाच ओरडलो असतो. माझ्याजवळ फक्त रेटा होता. मी जेवढा रेटत होतो तेवढी तीच चुकीची दिसत होती.

*

पुढचे दिवस थोडक्यात.

तिने स्टिअरिंग घट्ट धरायला सुरुवात केली. घट्ट धरलेल्या हातांना काही कळत नाही. वळण आलं की ती विचारल्यासारखं करत नसे. घाबरून वळायची. मग कारखान्याच्या बसने जायला लागली. किल्ली बन्सीरावांनी बुद्धमूर्तीच्या शेजारी ठेवली आणि म्हणाले, "विकून टाकू." विशाखाने गाडीची कागदपत्रं काढून दिली. भांडली असती तर रत्नमालाबाईंना बरं वाटलं असतं.

गिऱ्हाईक ठरलं. रविवारी दुपारी गाडी न्यायला येणार होतं.

"थांबा," रत्नमालाबाई म्हणाल्या. "त्या माणसाच्या घरी बायकापोरं असतील. आधी फकिराभाऊंकडून बघून घ्या. खोट गाडीत असंल तर ती तशीच दुसऱ्याच्या गळ्यात घालायची नाय."

"खोट गाडीत नाय, मम्मी," विशाखा म्हणाली.

"मग तेवढं फकिराभाऊंच्या तोंडून ऐकू. चला."

म्हणून रविवारी सकाळी तिघंही निघाले. विशाखा आणि रत्नमालाबाई गाडीत. बन्सीराव रिक्षाने गाडीच्या मागे.

*

लिफ्टवर जागा नव्हती. एक जीप इंजिन उतरवलेल्या अवस्थेत वर टांगलेली होती. तिचा सुटा भाग यायचा होता.

"जयभीम बन्सीभाऊ," फकिराभाऊ म्हणाले. "पार्ट येईना आन जीप उतरंना. आता करता काय? खड्डाच उघडावा लागंल."

टायर बाजूला झाले. मांजर रागावून निघून गेलं. फळ्या निघाल्या. विशाखाने गाडी सावकाश खड्ड्यावर आणून उभी केली आणि खाली उतरली. फकिराभाऊ कंबर धरून खाली उतरले. हातातल्या दिव्याचा उजेड पुष्कळ दिवसांनी माझ्या तोंडावर पडला.

"ताई," खालून आवाज आला, "उजव्या बुशाची रेघ आडवी हाय. डाव्याची तिरपी दिसती. फाटला का काय?"

"तुम्हीच म्हणलेला चांगला आहे म्हणून."

"म्हणलो हुतो. काढून बघतो."

पाना लागला. बोल्ट कुरकुरला.

सैल.

टक्.

घर.

हे तीन शब्द मी एका दमात सांगू शकत नाही. इतके दिवस जो पीळ अंगात होता, तो एका क्षणात निघून गेला. मी पिळलेला होतो हेही मला सुटल्यावरच पुरतं कळलं. तुमचा पाय बराच वेळ अवघडलेला असतो आणि तुम्ही तो सरळ करता, तसं काहीतरी.

वर उभी असलेली विशाखा किंचाळली. "काका! गाडी बसली!"

"कुठं बसली?"

"डावीकडं. एक बोट. आत्ता, माझ्या डोळ्यांसमोर!"

खड्ड्यातला पान्याचा आवाज थांबला.

"गप का झालात?" भागूबाई पिठाचे हात घेऊन दारात आल्या. "दिसंना झालंय व्हय?"

"दिसतंय," फकिराभाऊ म्हणाले. "लई दिसतंय."

ते वर आले आणि खड्ड्याच्या काठावर पाय सोडून बसले. हातात पाना तसाच होता.

"ह्या खड्ड्यात गाडी आपल्या पायावर उभी असायची," ते म्हणाले. "बोल्ट आवळला की तो बरोबरच बसायचा. कुणी मला शिकवलं नाय, मी बी कुणाला इचारलं नाय. चुकायची सोयच नव्हती इथं. आन लिफ्टवर चाकं लोंबत हुती. मी तसाच आवळला, हवेत. उजवा आवळताना लाइट गेली म्हणून तो वाचला. डावा तवापासून पिळतोय बिचारा." त्यांनी लिफ्टकडे पाहिलं. वाळलेला हार अजून तिथेच होता. "बन्सीभाऊ, पोरीचा हात चांगला हाय. बोल्ट माझा चुकला."

"म्हंजे चितेगावला त्या दिवशी..." बन्सीराव म्हणाले.

"गाडीनं ओढलं. पोरीनं थांबवलं."

विशाखा एका टायरवर बसली आणि हसायला लागली. "मतलब मी बरोबर चालवत होते? इतके दिवस मी बसमध्ये बसून माझ्याच हातांकडे बघत होते, काका!"

"शिव्या घाल मला," फकिराभाऊ म्हणाले.

"ते काम माझ्याकडं हाय," भागूबाई म्हणाल्या. "तुम्ही आधी बोल्ट आवळा."

*

पण फकिराभाऊ लगेच आवळेनात. रिकाम्या गाडीवर आवळला तर माणसं बसल्यावर बुश पुन्हा थोडा पिळेल, असं त्यांनी आता मनाशी धरलं होतं.

"रोज बसता तसे बसा सगळे. मग आवळतो."

विशाखा स्टिअरिंगसमोर बसली. रत्नमालाबाई मागे बसल्या. मांडीवर शहागंजातून आणलेल्या नानखटाईचा पुडा.

"म्होरं कोण बसतं?" खड्ड्यातून प्रश्न आला.

"पप्पा बसायचे," विशाखा म्हणाली.

बन्सीराव गॅरेजच्या दारात उभे होते. जागचे हलले नाहीत.

"आन मागं अजून एक माणूस बसवा, भार सारखा हुईल. ए, तू बस की."

"मला वजन म्हणून बसवताय व्हय?" भागूबाई म्हणाल्या. "इतक्या वर्षांत एकदा गाडीत बसवलं, ते बी खड्ड्यावर!" पण त्या बसल्या. पिठाचे हात वर धरून बसल्या. बसल्यावर दाराबाहेर पाहून म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही बी या की. गाडी उभी हाय. उभ्या गाडीत कसली भीती? माझ्या भाकऱ्या करपायच्या आत या, म्हंजे झालं."

रत्नमालाबाई हसल्या. बन्सीराव आले. पुढचा दरवाजा उघडून, चप्पल झटकून, आत बसले. त्यांचं वजन फार नाही. पण मी पिळलो तेवढा पिळलो, आणि थांबलो.

तेव्हा फकिराभाऊंनी बोल्ट आवळला. माझं घर त्या चौघांच्या वजनाने ठरलं. कुठल्याच कारखान्यात माझं घर इतक्या काळजीने ठरलं नव्हतं.

*

लगेच सगळे बिडकीनच्या दिशेने निघाले. भागूबाई उतरल्या, भाकऱ्या होत्या. फकिराभाऊ मागे बसले. त्यांना स्वतःच्या कानांनी ऐकायचं होतं.

नक्षत्रवाडी मागे पडली. बन्सीरावांचा एक हात दरवाजावरच्या कडीत होता. चितेगाव जवळ आलं तशी विशाखाने गाडी हळू केली.

"हळू कशाला?" बन्सीराव म्हणाले. "त्या दिवशी घेतलीस तशीच घे."

"पप्पा, नक्की?"

"घे म्हणतो ना."

रसवंतीचा गाडा आज नव्हता. डांबराची पट्टी होती. वळण होतं. विशाखाच्या हाताने आधी विचारल्यासारखं केलं आणि मग ती वळली. पट्टीवर चाक उडालं, आणि तिने ब्रेक दाबला. मी पिळलो. परत आलो. उजवा बुश पिळला. परत आला. गाडी सरळ थांबली.

"हं," बन्सीराव म्हणाले.

मागे फकिराभाऊंनी सोडलेला श्वास मला सांगाड्यातूनसुद्धा ऐकू आला.

तेवढ्यात फोन वाजला. गिऱ्हाईक होतं. बन्सीरावांनी फोन कानाला लावला. "नाय, गाडी द्यायची नाय आता. माफ करा. नाय हो, भाव वाढवायला नाय म्हणत. आमची पोरगी चालवती ती." आणि फोन ठेवला.

बिडकीनहून परतताना नानखटाईचा पुडा उघडला. बन्सीरावांनी एक खाल्ली. थोड्या वेळाने दरवाजावरच्या कडीतला हात खाली आला. मान एका बाजूला झुकली.

"झोपले," रत्नमालाबाई मागून कुजबुजल्या.

विशाखाने पुढच्या वळणावर वेग कमी केला नाही. तशी गरज नव्हती.

*

मित्रांनो, आता माझ्या कडेला एक बारीक भेग पडली आहे. ती त्या पिळलेल्या दिवसांची. फकिराभाऊ म्हणतात, अजून काही महिने चालेल, मग बदलू. मला वाईट वाटत नाही. मी जाईन तो घरातून जाईन.

लिफ्टवरचा वाळलेला हार आता काढला आहे. त्या खांबावर फकिराभाऊंनी पांढऱ्या रंगाने लिहिलंय, 'आधी खाली, मग आवळा.' भागूबाई म्हणतात, अक्षर वाकडं आलं. ते चालेल.

माझी तुम्हाला विनंतीही साधीच आहे. कुठलीही गोष्ट पक्की करायची असेल, तर आधी तिला जमिनीवर तिच्या पायांवर उभी राहू द्या. रोज जे वजन तिला पेलायचं आहे ते तिच्यावर येऊ द्या. मग आवळा. आणि एखादी गाडी पुन्हा पुन्हा एकाच बाजूला जायला लागली, तर चालवणाऱ्याच्या हातांना बोल लावण्याआधी खाली वाकून बघा. तिथे अंधारात माझ्यासारखा कुणीतरी असेल. त्याला बोलता येत नाही.

आणि हो, सुरुवातीचा एक तुकडा सांगायचा राहिला. विशाखा गाडी घ्यायला गेली तेव्हा विकायला दोन गाड्या होत्या. त्यांतली हीच घ्यायची, असं बन्सीरावांनी सांगितलं होतं.